ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरशी खेळणारा माणूस दिसला आणि गुनपेई योकोईला हातात मावणारा गेम सुचला

नव्वदच्या दशकात आपल्याकडे पोरांच्या हातात एक वस्तू हमखास दिसायची. जत्रेतून घेतलेला, नाहीतर सुट्टीत आलेल्या मामाने आणलेला हातातला व्हिडिओ गेम. डब्यावर ९९९९ इन १ असं दणक्यात लिहिलेलं असायचं. आत खेळ मोजून पाच-सहा, तेच फिरून फिरून. आणि त्यातला खरा खेळ एकच, तो विटांचा. वरून विटा पडायच्या, खाली आडवी ओळ भरली की गायब व्हायची. सेल संपले की भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्यात घालायचा आणि मग दोन दिवस घरात किती वाजले ते कुणालाच कळायचं नाही.

तो डबा चिनी होता, विटांचा खेळ मॉस्कोतून आला होता. पण काळपट आकृत्यांच्या स्वस्तातल्या स्क्रीनवर, दोन अंगठ्यांनी, प्रवासात बसल्या बसल्या गेम खेळायचा हा जो प्रकार आहे, तो जगात रुजवला जपानच्या क्योटो शहरातल्या एका माणसाने. त्याचं नाव गुनपेई योकोई.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटोचाच. शिक्षणही तिथल्याच दोशिशा विद्यापीठात, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पण गडी काही टॉपर वगैरे नव्हता. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. गाव सोडायची फारशी इच्छा नव्हती, त्यामुळे गावातल्याच एका कंपनीत १९६५ मध्ये तो चिकटला. कंपनीचं नाव निन्टेंडो.

आज हे नाव ऐकलं की मारिओ आठवतो. तेव्हा तसं काही नव्हतं. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते छापायची. योकोईचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशीन चालू आहेत ना ते बघायचं. बिघाड झाला तर दुरुस्ती, नाहीतर रिकामाच. थोडक्यात मेंटेनन्सवाला.

आता कारखान्यात रिकामा बसलेला इंजिनिअर काय करणार? कंपनीच्याच लेथ मशीनवर त्याने टाइमपास म्हणून खेळणी बनवायला सुरुवात केली. त्यातच एक लाकडी पट्ट्यांचा हात तयार झाला. मुठी जवळ दाबल्या की कात्रीसारख्या पट्ट्या सरकत लांब जायच्या आणि पुढचा चिमटा लांबची वस्तू पकडायचा.

नेमके त्याच वेळी कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारायला आले आणि त्यांनी हा उद्योग बघितला. यामाउची म्हणजे भलताच कडक माणूस. त्यांनी योकोईला केबिनमध्ये बोलावलं. आता काही नोकरी राहत नाही, असं समजून तो आत गेला. पण साहेबांनी ओरडायच्या ऐवजी हुकूम सोडला, हेच खेळणं कंपनीचा माल म्हणून बाजारात आणायचं.

१९६६ मध्ये ते अल्ट्रा हँड या नावाने आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं. मशीनला तेल घालणारा माणूस रातोरात खेळणी बनवणारा झाला.

पुढची दहा-बारा वर्षं त्याने खेळण्यांचा सपाटा लावला. घरात बेसबॉलचे चेंडू फेकणारं मशीन आणलं. १९६९ मध्ये लव्ह टेस्टर आणला, म्हणजे मुलाने आणि मुलीने एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हाताने यंत्राची टोकं पकडायची आणि काटा किती हलतो त्यावरून प्रेम मोजायचं. आत साधा विजेचा प्रवाह मोजणारा मीटर होता. प्रेम वगैरे काही नाही, पण हात धरायला निमित्त मिळत होतं. खप त्याच्यावरच झाला.

त्याची डोक्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर १९७२ ची लेफ्टी आरएक्स ही रिमोटची गाडी बघा. तेव्हा रिमोटच्या गाड्या प्रचंड महाग असायच्या. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळी सोय करावी लागायची, त्याने किंमत चढायची. योकोईने विचार केला, गाडी फक्त डावीकडे वळली तर? रेसचा ट्रॅक गोल असतो, त्यावर सगळे एकाच बाजूला वळतात. उजवीकडे जायचंच असेल तर डावीकडून पूर्ण फिरून या. गाडी एका झटक्यात स्वस्त झाली आणि पोरांना मजा तेवढीच आली.

या विचाराला पुढे त्याने एक नाव दिलं. जपानीत त्याचा अर्थ साधारण असा निघतो की वाळलेल्या तंत्रज्ञानाला आडव्या वाटेने वापरायचं. इथे वाळलेलं म्हणजे टाकाऊ नाही. सुतार ओल्या लाकडाची खुर्ची करत नाही, लाकूड वाळून बसायची वाट बघतो, तसंच हे. जे तंत्रज्ञान जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे सगळे गुणदोष माहिती झालेत, ते घ्यायचं आणि ज्या कामाचा कुणी विचारच केला नव्हता त्या कामाला लावायचं.

आता येऊया ट्रेनच्या किश्श्यावर.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई बुलेट ट्रेनने चालला होता. समोर एक कंटाळलेला नोकरदार माणूस बसला होता. खिशातला कॅल्क्युलेटर काढून तो उगाच बटणं दाबत होता. हिशोब काही नाही, नुसता चाळा. योकोईने ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात आलं, की मोठ्या माणसालाही प्रवासात खेळायचं असतं, फक्त ते चारचौघांत दिसायला नको असतं. म्हणजे वस्तू अशी हवी, की दोन्ही हात मांडीवर ठेवलेत, वस्तू तळहातात झाकली गेलीये आणि फक्त अंगठे हलतायत.

ही गोष्ट त्याने मालकांच्या कानावर घातली तीही गंमतच आहे. यामाउचींचा ड्रायव्हर एके दिवशी आला नव्हता. त्यांची गाडी होती परदेशी, डाव्या बाजूला स्टिअरिंगवाली आणि कंपनीत तसली गाडी चालवायची सवय योकोईला होती. म्हणून त्यालाच ड्रायव्हर म्हणून नेलं. रस्त्यात काहीतरी बोलायचं म्हणून त्याने कॅल्क्युलेटरएवढ्या गेमची कल्पना सांगितली. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. पण त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ते शार्प कंपनीच्या अध्यक्षांशेजारी बसले. शार्प तेव्हा कॅल्क्युलेटरच्या धंद्यातली दादा कंपनी, एलसीडी स्क्रीन बनवणारी. काही दिवसांत शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर.

एप्रिल १९८० मध्ये पहिला गेम अँड वॉच बाजारात आला. एका मशीनमध्ये एकच गेम आणि सोबत घड्याळ. स्क्रीन कॅल्क्युलेटरचीच. कॅल्क्युलेटरवर आठचा आकडा जसा सात काड्यांचा असतो आणि त्यातल्या हव्या त्या काड्या काळ्या होतात, तसंच इथे माणूस, चेंडू, हात यांच्या सगळ्या आकृत्या आधीच काचेत कोरून ठेवलेल्या. त्या एकामागून एक काळ्या केल्या की चेंडू उडाल्यासारखा वाटतो. आपल्या जत्रेतल्या विटांच्या गेमची स्क्रीनही याच तत्त्वावर चालायची.

गेम अँड वॉचचे पुढच्या अकरा वर्षांत जगभरात चार कोटींच्या वर नग खपले. १९८२ मध्ये याच मालिकेतला डाँकी काँग काढताना अडचण आली, की काठीसारखी जॉयस्टिक एवढ्याशा डब्यावर बसवायची कशी. योकोईने अधिकच्या चिन्हासारखं एक सपाट बटण बसवलं. वर, खाली, डावी, उजवी, सगळं एका अंगठ्याखाली. आज कुठलाही गेमचा कंट्रोलर हातात घ्या, ते बटण कुठल्या ना कुठल्या रूपात तिथे असतंच.

याच काळात त्याने अजून एक गोष्ट बनवली, तिची आठवण कमी निघते. रुबिक क्यूबचं वेड सुरू होतं तेव्हा, १९८० मध्ये, त्याने टेन बिलियन नावाचं कोडं काढलं. पिंपाच्या आकाराची पारदर्शक नळी, आत रंगीत गोळ्या, नळीचे भाग फिरवून आणि दांडा वर-खाली करून एका रंगाच्या गोळ्या एका रांगेत आणायच्या. स्क्रीन नाही, सेल नाही. हातात मावणारं कोडं हा विषय त्याच्या डोक्यात व्हिडिओ गेमच्या बाहेरही चालूच होता.

आता गेम बॉय.

गेम अँड वॉचची मर्यादा सरळ होती. एक डबा, एक गेम. कंटाळा आला की दुसरा डबा घ्या. योकोई आणि त्याच्या हाताखालचे इंजिनिअर, त्यात सातोरू ओकादा हे नाव मोठं, यांनी कॅसेट बदलता येणारं मशीन बनवायला घेतलं. ते सहज झालं असं नाही. आधी निवडलेली स्क्रीन जरा तिरकी धरली की दिसायचीच नाही. यामाउचींनी ती बघितली आणि काहीच दिसत नाही म्हणून थेट नाकारली. सगळा प्रकल्प बुडतो की काय अशी वेळ आली. शेवटी स्क्रीनचा प्रकार बदलला आणि गाडी रुळावर आली.

२१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय जपानमध्ये आला. किंमत १२,५०० येन. स्क्रीन हिरवट, करड्या रंगाच्या चार छटा, मागून लाइट नाही. तोपर्यंत रंगीत स्क्रीन बनवता येत होती. त्याच वर्षी अटारीचं लिंक्स आलं, पुढच्या वर्षी सेगाचं गेम गिअर, दोन्ही रंगीत, दोन्हींना मागून उजेड. पण सहा पेन्सिल सेल घातले की चार-पाच तासांत खेळ खल्लास. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात चालायचा. स्पर्धक रंगीत मशीन आणतोय अशी बातमी आली तेव्हा योकोईच्या टीमला घाम फुटला, तो मात्र निवांत झाला. स्क्रीन रंगीत आहे म्हटल्यावर सेलची काय हालत होणार, हे त्याला माहिती होतं. रंगांबद्दलही त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. काळ्या पेन्सिलने बर्फाचा माणूस काढला तरी बघणाऱ्याला तो पांढराच दिसतो, उरलेला रंग डोकं भरतं.

आणि मग या मशीनला त्याचा गेम मिळाला.

मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्हने १९८४ मध्ये टेट्रिस बनवला होता. हेंक रॉजर्स नावाच्या व्यावसायिकाने निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवलं, की मशीनसोबत मारिओ दिलात तर पोरं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. ते शंभर टक्के खरं ठरलं.

हे का जमलं ते नीट बघितलं पाहिजे, कारण इथे मशीनचे दोष आणि खेळाचे गुण एकमेकांत फिट्ट बसलेत. गेम बॉयच्या स्क्रीनवर वेगाने हलणारी गोष्ट फराटा मारल्यासारखी पुसट व्हायची. टेट्रिसची वीट एकेक पायरी खाली उतरते, पुसट व्हायचा प्रश्नच फारसा नाही. स्क्रीनला रंग नव्हते, पण टेट्रिसमध्ये वीट ओळखायची ती आकारावरून. स्क्रीन छोटी होती, पण खेळाचं मैदानही तेवढंच. एक डाव काही मिनिटांचा, त्यामुळे स्टॉप आला की बंद करा, काही बिघडत नाही. गोष्ट नाही, भाषा नाही, त्यामुळे आजोबांनाही समजावं लागत नाही. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह हा रशियन अंतराळवीर गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन मीर अंतराळ स्थानकावर गेला होता. आता याच्यापेक्षा लांबचा प्रवास कुठला?

पण मर्यादाही तिथेच होत्या. रात्री गाडीच्या मागच्या सीटवर बसलं, की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येईल तेवढाच वेळ स्क्रीन दिसायची. १९९० मध्ये योकोईच्याच देखरेखीखाली डॉक्टर मारिओ आला. यात रंगीत गोळ्या जुळवून विषाणू मारायचे. टीव्हीवर लाल, निळा, पिवळा मस्त दिसायचं. गेम बॉयवर त्याच तीन रंगांचं काळा, पांढरा आणि करडा झालं. खेळता यायचं, पण डोळ्यांना ताण. म्हणजे कोड्याचा गेम आहे म्हणून छोट्या मशीनवर चालेलच असं नसतं, ते कोडं कशावर उभं आहे त्यावर सगळं ठरतं. आणि टेट्रिसचंही एक आहेच. त्याला शेवट नाही. कितीही चांगलं खेळा, शेवटी हरायचंच आहे, फक्त किती उशिरा एवढाच प्रश्न. काही लोकांना नेमकं तेच आवडतं, काही जण महिन्याभराने डबा कपाटात टाकतात.

गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून पुढे ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले. योकोई मात्र दुसऱ्याच कामात अडकला होता.

त्या कामाचं नाव व्हर्च्युअल बॉय. डोळ्यांना लावायचं थ्रीडी मशीन. इथेही त्याने आपलाच नियम लावला, स्वस्त लाल एलईडी घेतले. सगळं जग लाल आणि काळं. पण आधीच्या मशीनमध्ये जी काटकसर खेळात मुरून जायची, ती इथे उघडी पडली. डोक्याला घालायचं म्हणून सुरू झालेलं मशीन शेवटी टेबलावर स्टँड लावून आलं, त्यामुळे वाकून तोंड खुपसून बसावं लागायचं. ना खिशात मावत होतं, ना टीव्हीसारखं चार जणांना दिसत होतं. डोकं दुखायचं, डोळ्यांबद्दलच्या सूचना वाचूनच पालक मागे सरकायचे. १९९५ मध्ये आलं आणि वर्षभरात गुंडाळलं. जगभरात खप आठ लाखांच्या आत, गेम निघाले सगळे मिळून २२.

तीस वर्षं हिट देणाऱ्या माणसाच्या नावावर हा एक फ्लॉप चिकटला. १५ ऑगस्ट १९९६ ला त्याने निन्टेंडो सोडली आणि सगळीकडे चर्चा झाली, की अपयशामुळे त्याला बाहेर काढलं. योकोईने स्वतः लेख लिहून हे नाकारलं. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं हे आधीच ठरलेलं होतं, असं त्याचं म्हणणं. पण फ्लॉपवर निघून जायचं त्याला पटलं नसावं. जाण्याच्या थोडंच आधी त्याने गेम बॉय पॉकेट हे छोटं, स्वच्छ स्क्रीनचं मशीन बाजारात आणून दिलं आणि मग दरवाजा ओढला.

क्योटोतच त्याने कोटो नावाची छोटी कंपनी काढली. बांदाई कंपनीसाठी त्याने नवीन हातातलं मशीन बनवायला घेतलं, वंडरस्वान. पुन्हा तेच सूत्र, काळी-पांढरी स्क्रीन, कमी किंमत, आणि सेल फक्त एक. त्या एका पेन्सिल सेलवर तीस तासांच्या वर चालणारं मशीन. शिवाय ते आडवं धरा नाहीतर उभं, दोन्हीकडून बटणं.

ते पूर्ण झालेलं बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागात होकुरिकू एक्सप्रेसवेवर त्याच्या गाडीची पुढच्या ट्रकला किरकोळ धडक झाली. काय नुकसान झालं ते बघायला तो खाली उतरला आणि तेवढ्यात मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६.

वंडरस्वान ४ मार्च १९९९ ला आलं, ४,८०० येनला. त्याच दिवशी त्यासोबत कोटोने बनवलेला एक कोड्याचा गेमही आला. त्याच्या स्मरणार्थ गेमचं नाव ठेवलं होतं, गुनपे.

मशीन उभं धरायचं. समोर पाच उभे रकाने, दहा आडव्या ओळी. प्रत्येक चौकोनात एक तिरकी रेघ, नाहीतर डोंगरासारखा किंवा दरीसारखा कोन. चौकोन आपल्याच रकान्यात वर-खाली सरकवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग रेघ जोडायची, की ती गायब. ठिपक्यांची रांगोळी जोडल्यासारखंच, फक्त खालून नवीन चौकोन सारखे वर चढत असतात आणि एकही वरून बाहेर ढकलला गेला की डाव संपला. एका रेघेला फाटे फोडत मोठी जाळी विणून एकदम उडवली, की जे समाधान मिळतं ते टेट्रिसमधल्या चार ओळींपेक्षा कमी नाही. रंग लागत नाही, उजेड लागत नाही, शिकायला दोन मिनिटं. अगदी योकोईच्या तब्येतीचा खेळ.

पण टेट्रिस काही तो झाला नाही. टेट्रिसमध्ये भोक कुठे आहे ते लांबून दिसतं, इथे प्रत्येक रेघ कुठून निघून कुठे जाते ते वाचावं लागतं. चौकोन शेजारच्या रकान्यात नेता येत नाही, त्यामुळे तिसऱ्या रकान्यात हवा तो तुकडा आलाच नाही तर बाकीचे चार रकाने सजवून वाट बघत बसायचं. सुरुवात संथ, आणि मग अचानक सगळं अंगावर येतं. शिवाय वंडरस्वान मुख्यतः जपानपुरतंच राहिलं आणि २००३ पर्यंत आटोपलं. त्याच २००३ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने योकोईला मरणोत्तर जीवनगौरव दिला.

गुनपे मात्र त्याच्या मशीनपेक्षा जास्त जगला. २००६ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, ती निन्टेंडो डीएसवर. ज्या कंपनीत त्याने पत्त्यांच्या मशीन सांभाळल्या, तिच्याच मशीनच्या कॅसेटवर त्याचं नाव छापून आलं. आणि खेळताना डाव्या अंगठ्याखाली होतं ते १९८२ चं अधिकच्या चिन्हाचं बटण.